वऱ्हाडचा सालोसाल हिशेब वऱ्हाडात आणि मराठीत यावा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विदर्भाच्या अनुशेषावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. मी ती सगळी वाचतो. बहुतेकांची सुरुवात १९६० पासून होते, काहींची १९५३ च्या नागपूर करारापासून. मला त्याच्याही बरोबर शंभर वर्षे मागे, १८५३ सालात जायचे आहे. वऱ्हाडच्या, म्हणजे विदर्भाच्या पश्चिम भागाच्या, पैशाचा हिशेब वऱ्हाडाबाहेर ठेवायची सुरुवात त्या साली झाली, आणि ते समजल्याशिवाय आजचे भांडणही पुरते समजणार नाही असे माझे मत आहे.

मी दारव्हा तालुक्यातला निवृत्त पटवारी. उभी नोकरी नमुना सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि पीक गोषवारा लिहिण्यात गेली. महसुली वर्ष १ ऑगस्टला उघडते आणि ३१ जुलैला बंद होते. त्या जुलै महिन्यात पटवाऱ्याला जेवणाची शुद्ध नसते. गावचा आकार किती, वसूल किती, थकीत किती, पडीत किती, पऱ्हाटी किती, तूर किती, हे सारे एका ताळ्यात बसवून तहसीलला न्यायचे असते. म्हणून सालाचा हिशेब या गोष्टीकडे मी कारकुनी काम म्हणून पाहत नाही. गावाचे एक वर्ष कसे गेले ते त्या कागदात दिसते.

आता १८५३ चे. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. निजाम नासिरुद्दौला यांच्यावर हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च लादलेला होता. फौज निजामाच्या पैशाची, हुकूम इंग्रजांचा. तिची एक मोठी छावणी आपल्या एलिचपुराजवळ (आजचे अचलपूर) परतवाड्याला होती. पगार थकत गेले, कर्ज चढत गेले, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीच्या वेळेस रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल लो यांनी २१ मे १८५३ ला तह करून घेतला. वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून दिले गेले. मालकी निजामाची राहिली, कारभार रेसिडेंटकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजीराजे भोसले वारले आणि पुढच्या साली नागपूरचे राज्य खालसा झाले. शाळेतल्या पोरांना नागपूरचे माहीत असते, वऱ्हाडाचे नसते. वर्धा नदीच्या पलीकडचा मुलूख इंग्रजांच्या मालकीचा झाला आणि अलीकडचा आपला मुलूख कागदोपत्री एका संस्थानिकाचाच राहिला. म्हणूनच ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे, वेगळा हुकूम काढून लावावा लागे.

त्या तहात एक कलम होते. रेसिडेंटने या जिल्ह्यांच्या जमाखर्चाचा खरा हिशेब दर साल निजामाला द्यावा आणि फौजेचा व कारभाराचा खर्च जाऊन जे उरेल ते हैदराबादला भरावे. सात वर्षांनी, डिसेंबर १८६० च्या तहात, हे कलमच गेले. इंग्रजांनी ५० लाखांचे कर्ज माफ केले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत दिले, सुरापूरचे संस्थान निजामाला दिले. बदल्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंचाकडचा मुलूख घेतला. आणि निजामाकडून लिहून घेतले की मागचा, आजचा आणि पुढचा कोणताच हिशेब आम्ही मागणार नाही. कारभारावर खर्च किती करायचा हे सर्वस्वी इंग्रज सरकारच्या मर्जीवर राहील. उरले तर द्यावे.

कास्तकाराला हे लगेच कळेल. वावर बटईने द्यायचे, वरून लिहूनही द्यायचे की लागवडीचा खर्च किती दाखवायचा ते तूच ठरव, मी वही पाहायला मागणार नाही. असा बटईदार सालाच्या शेवटी मालकाच्या हातावर काय ठेवील?

निजामाचे दिवाण सालारजंग यांनी पुढे कित्येक वर्षे वऱ्हाड परत मिळवण्यासाठी खटपट केली. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख रक्कम ठेवायची तयारी दाखवली, १८७६ साली विलायतेला जाऊन आले. काही झाले नाही. पण मला या सगळ्यात जी गोष्ट सलते ती वेगळी आहे. हिशेब मागणारे दरबार आणि हिशेब नाकारणारे सरकार, दोघांच्या कागदात तो पैसा भरणारा कास्तकार कुठेच नाही. एलिचपूर, अमरावती, अकोला, बुलढाणा, बाशीम (आजचे वाशीम) आणि आमचा तेव्हाचा वणी जिल्हा, या सहा जिल्ह्यांतल्या वावरांतून सारा उठत होता. सडकेची पट्टी, शाळेची पट्टी त्याच्यावर वेगळी. तो सारा भरणाऱ्याला हिशेब दाखवावा असे १८५३ च्या तहात नव्हते, १८६० च्या तहातही नव्हते.

हिशेब लिहिला जात नव्हता असे मात्र नाही. उलट दर साली लिहिला जात होता आणि फार बारकाईने. रेसिडेंटकडून हिंदुस्थान सरकारला ‘हैदराबादकडून लावून दिलेल्या जिल्ह्यांचा’ वार्षिक प्रशासन अहवाल छापील पुस्तकाच्या रूपात जात असे. माझी नात अमरावतीला शिकते. तिने त्यातले काही अहवाल इंटरनेटवरून उतरवून दिले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले. ओळीने प्रकरणे असतात. जमीन महसूल, मोजणी व आकारणी, दिवाणी व फौजदारी न्याय, पोलीस, तुरुंग, आबकारी, स्टॅम्प, जंगल, सडका, शाळा, दवाखाने, देवीची टोचणी, पाऊसपाणी, पिके, बाजारभाव. कोंडवाड्यांचे उत्पन्नसुद्धा सुटलेले नाही.

वाचताना माझ्या मनात एकच विचार येत होता, की हे आकडे आले कुठून? पटवाऱ्याकडून. दुसरीकडून येणेच शक्य नाही. रेसिडेंट हैदराबादला, कमिशनर अमरावतीला, डेप्युटी कमिशनर जिल्ह्याला. वावराच्या धुऱ्यावर उभा राहून या नंबरात जवारी आहे आणि त्या नंबरात पऱ्हाटी, हे पाहणारा माणूस गावचा पटवारीच.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावी चावडीतल्या सागवानी कपाटात एक जुना बस्ता होता. लाल मांजरपाटाचा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आत मोडीतले पेऱ्याचे कागद. मला मोडी थोडी वाचता येई, म्हणून एका पावसाळ्यात मी तो सोडून पाहिला. बोरूने आखलेले रकाने. सर्वे नंबर, खातेदार, मग जवारी, कपाशी, तीळ, जवस, तूर. आकडे सरळ, एकाखाली एक, बेरजेला दोन रेघा. एका पानावर कपाशीच्या रकान्यातले आकडे खोडून बाजूच्या रकान्यात जवारी लिहिलेली, आणि प्रत्येक खोडलेल्या आकड्याशेजारी लिहिणाऱ्याची सही. दुबार पेरणी झाली असणार. पहिला पेरा गेला तेव्हा तो माणूस पुन्हा वावरोवावर फिरला आणि प्रत्येक नंबरापुढे त्याने दुरुस्ती केली. त्याच्यावर साहेब पाहत नव्हता. सही करायची सक्ती असेल, पण फिरायची सक्ती कोण करणार? मी पुढे नोकरीत जेव्हा जेव्हा पीक पाहणीला गेलो तेव्हा ते पान माझ्या नजरेसमोर असायचे.

अशा पानांची गावाची बेरीज, गावांची तालुक्याची, तालुक्यांची जिल्ह्याची, आणि मग सहा जिल्ह्यांचा तक्ता हैदराबादला व तिथून कलकत्त्याला. गावातून कागद आपल्या भाषेत निघाला, वाटेत इंग्रजी झाला, छापला गेला आणि परत गावात आलाच नाही. दीडशे वर्षांत एकदाही नाही. अमरावतीचे मुधोळकर, खापर्डे यांच्यासारखे वकील तो वाचू शकत होते. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा या शहरात सरकारच्या आकड्यांवर सरकारशी वाद घालू शकणारी माणसे होती. दारव्हा किंवा दिग्रसच्या कास्तकाराजवळ त्याच्या स्वतःच्या वावराचा आकडा नव्हता.

आणि त्या अहवालांच्या काळात काय काय घडत होते! अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ मध्ये तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता तो भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले आणि जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन करून गेले. एवढ्यासाठी की कापसाच्या गाठी बंडीवरून उतरून सरळ आगगाडीत चढाव्यात. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, सर्वे नंबर पडले, तीस वर्षांचा आकार ठरला. आज सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जो रकाना आहे त्याचे मूळ तिथे आहे. खातेदाराला जमीन विकायचा, गहाण टाकायचा हक्क मिळाला आणि त्याच हक्काच्या वाटेने कितीतरी वावरे सावकाराच्या घरात गेली. धुऱ्यावरून आजही भाऊभाऊ कोर्टात जातात, पण तो धुरा कोणत्या मोजणीत पडला हे दोघांपैकी एकालाही माहीत नसते.

दुष्काळाचे पाहा. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार. वाढायची ती सुमारे १ लाख ४३ हजारांनी घटली. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ. ज्या प्रांतातून दर साली कापसाच्या गाठी मुंबईला जात होत्या त्या प्रांतात हे घडले. कोणत्या तालुक्यात पाऊस केव्हा तुटला, जवारी काय भावाने गेली, दुष्काळी कामे कुठे काढली, लोक किती आले, याच्या नोंदी त्या वर्षांच्या कागदात आहेत. आम्ही आजही दर साली पैसेवारीवर, म्हणजे पीक किती आले याच्या सरकारी अंदाजावर, भांडतो. हंगामी, सुधारित आणि ३१ डिसेंबरची अंतिम. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाची सवलत ठरते. त्या भांडणाचे वाडवडील तिथे, आणेवारीच्या रूपात बसलेले आहेत. आपल्या भागात पाऊस किती साली आणि कसा दगा देतो, हे शंभर-दीडशे वर्षांचे पाहायचे असेल तर दुसरीकडे कुठे जायचे?

१९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. साल्याना २५ लाख रुपये, वर काही नाही. उरले किती याचा प्रश्नच संपला. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेले आणि १९०५ मध्ये सहाचे चार जिल्हे झाले. वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला. मग नवी तक्रार सुरू झाली, की सारा वऱ्हाडचा आणि खर्च नागपुरावर. ती इतकी वाढली की सिम समिती नेमावी लागली. दोन्ही भागांत वाटता येण्याजोग्या पैशातले ४० टक्के वऱ्हाडाला आणि ६० टक्के मध्य प्रांताला, असे सूत्र तिने दिले. पुढे कौन्सिलच्या निवडणुका झाल्या तरी वऱ्हाडचे लोक मते देत आणि निवडून आलेल्या माणसाला सरकार पुन्हा कागदोपत्री नेमून घेई, कारण हा मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला बेरारचे (म्हणजे वऱ्हाडचे) युवराज हा किताब मिळाला. कास्तकाराला त्यातून काय मिळाले ते मला कुठे सापडले नाही.

अनुशेषाचे पत्र लिहिणाऱ्या माझ्या बंधूंना माझे सांगणे एवढेच, की तुमची मागणी नवी नाही आणि ती कोणा एका पक्षाची नाही. आपला पैसा किती उठला आणि आपल्यावर किती लागला हे दर साली दाखवा, ही वऱ्हाडची फार जुनी मागणी आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद करतानासुद्धा त्या मंडळाच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवावा असे लिहिले आहे. मंडळ १९९४ मध्ये आले, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्या वर्षांचे अहवाल आपल्यापैकी किती जणांनी हातात घेऊन पाहिले?

गावाचेही तेच. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८, ज्याला आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या सालाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवायचे असतात. हा हक्क ना १८६० नंतरच्या निजामाकडे होता ना १९०२ च्या वऱ्हाडी माणसाकडे. आमच्या भागातल्या एका गावी, नाव लिहीत नाही, मी अशा सभेला बसलो होतो. समाजमंदिरात सतरंजी टाकलेली, हजेरीचे रजिस्टर सह्या-अंगठ्यांसाठी फिरत होते. विषय क्रमांक दोन, मागील वर्षाचा अहवाल. वाचणाऱ्याने शीर्षक वाचले आणि मंजूर म्हणून पुढचा विषय घेतला. बचत गटातली एक बाई उभी राहिली. म्हणाली, “दादा, मांगच्या साली पाणीपट्टी किती जमा झाली अन् मोटरीच्या दुरुस्तीले किती लागले, थे वाचून दाखवा.” उत्तर मिळाले, “थे समदं पंचायत समितीले पाठवलं हाय, काकू.” बाई खाली बसली नाही. तिने पुन्हा तेच विचारले, आणि मग मागच्या दोन बाया उभ्या राहिल्या. त्या दिवशी आकडे मिळाले नाहीत. पुढच्या सभेत मिळाले, कारण त्या बायांनी सही करायच्या आधी रजिस्टर मांडीखाली घेतले आणि आकडे येईपर्यंत सोडले नाही. पाणीपट्टीचा सगळा हिशेब एका कागदाच्या पाठपोट मावला. तो आधी वाचायला दहा मिनिटेही लागली नसती.

मला आपल्या दैनिकामार्फत एक मागणी करायची आहे. वऱ्हाडचे हे जुने वार्षिक अहवाल दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, काही इंटरनेटवर आहेत. म्हणजे शोधायचे काम फार नाही. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने मिळून ते मराठीत आणावेत. सगळे एकदम नकोत. सुरुवातीला तीन वर्षे घ्या. १८७० च्या दशकातले रेल्वे नवी असतानाचे एक, १८९९-१९०० चे दुष्काळाचे, आणि पट्ट्याचा करार झाला ते १९०२-०३ चे. जिल्ह्यानुसार आणि जिथे आकडे असतील तिथे तालुक्यानुसार वेगळे काढा. एकर, मण, आणे तसेच ठेवा आणि शेजारी आजचे माप द्या. इंग्रजीतली लांबलचक प्रस्तावना गाळली तरी चालेल, तक्ता एकही गाळू नका. पुस्तक जाडजूड करून शहरातल्या कपाटात ठेवू नका. आपापल्या तालुक्याचे चाळीस-पन्नास पानांचे पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत आले पाहिजे. दारव्ह्याच्या पोराला दारव्ह्याचे, मेहकरच्या पोराला मेहकरचे.

त्याच बरोबर जुन्या चावड्यांमधले आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातले मोडी कागद पाहा. मोडी वाचणारी माणसे आमच्या तालुक्यात हाताच्या बोटावर राहिली आहेत आणि ती सगळी माझ्या वयाची आहेत. विद्यापीठाने आमच्याकडे दोन-चार मुले पाठवावीत. आम्ही फुकट शिकवू. तहसीलदारांनी परवानगी दिली तर कपाटे उघडून बस्ते बाहेर काढायला, धूळ झाडायला आणि गावनिहाय लावायला मी स्वतः येईन. माझ्याबरोबरचे आणखी दोन निवृत्त पटवारी तयार आहेत, त्यांना मी विचारून ठेवले आहे. एक दारव्ह्याचे, एक नेरचे.

आपण हे पत्र छापाल अशी आशा आहे. शक्य झाल्यास पट्ट्याच्या वर्षाच्या अहवालातला जमाखर्चाचा तक्ता मी माझ्या तोडक्या इंग्रजीने मराठीत उतरवून पाठवतो. तो कोणा जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि जागा असेल त्या दिवशी छापावा.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पटवारी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ